दुकानाने काढलेला कारखाना

जपानी कॅमेऱ्यांचा इतिहास बहुतेक पुस्तकांत भिंगापासून सुरू होतो. १९१७ साली लष्कराला आणि नौदलाला लागणारी प्रकाशीय उपकरणे देशातच तयार व्हावीत म्हणून निप्पॉन कोगाकु ही कंपनी निघाली आणि तिच्यातून पुढे निकॉन आला. १९३३ साली तोक्योतील एका लहानशा प्रयोगशाळेत जर्मन लायकाच्या तोडीचा कॅमेरा करण्याची खटपट सुरू झाली आणि तिच्यातून कॅनन आला. या दोन्ही हकिगती खऱ्या आहेत आणि महत्त्वाच्याही आहेत, परंतु त्यांच्यामुळे असा समज होतो की जपानमध्ये छायाचित्रणाचा उद्योग अभियंत्यांनी आणि सरकारी गरजांनी उभा केला. त्याहून सुमारे अर्धशतकाने जुनी असलेली एक हकिगत औषधांच्या दुकानात सुरू होते. तिच्यात आधी गिऱ्हाईक येते, मग माल, मग मालाची टंचाई, आणि त्या टंचाईवर उपाय म्हणून अखेरीस कारखाना येतो. ‘कोनिका’ या नावाने जगाला माहीत झालेल्या कंपनीची ही हकिगत असून, सव्वाशेहून अधिक वर्षांच्या तिच्या आयुष्यात दुकानदाराची नजर कधी पूर्णपणे सुटली नाही, हे तिचे खरे वैशिष्ट्य आहे.

छायाचित्रण आणि औषधांचे दुकान यांचा संबंध आज चटकन ध्यानात येत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर छायाचित्र कसे काढले जाई हे आधी पाहावे लागते. त्या काळी ‘ओली काच’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत रूढ होती. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळवला की कलोडियन नावाचा चिकट द्रव तयार होतो; त्यात आयोडाइडचे क्षार मिसळून तो काचेवर पसरायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून तिच्यावर प्रकाश पाडायचा आणि ती वाळण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत नेऊन हिराकसाच्या द्रावणाने तिच्यावरील प्रतिमा उमटवायची, असा हा सगळा खटाटोप होता. त्यानंतर कागदावर प्रत काढायची तर अंड्याचा पांढरा बलक, पुन्हा चांदीचे क्षार आणि रंग टिकावा म्हणून सोन्याचे क्षार लागत. छायाचित्रकार हा अशा रीतीने निम्मा रसायनतज्ज्ञ असे, आणि कॅमेरा एकदा विकत घेतला की वर्षानुवर्षे चालत असला तरी रसायने त्याला दर आठवड्याला लागत.

जपानमध्ये ही रसायने मिळवणे किती अवघड होते, याची कल्पना नागासाकीच्या उएनो हिकोमा यांच्या धडपडीवरून येते. हिकोमांनी डच पुस्तकांतून रसायनशास्त्राचा अभ्यास केला, बैलाच्या हाडांपासून अमोनिया काढण्यासारखे प्रयोग स्वतः केले आणि १८६२ साली नागासाकीत आपला स्टुडिओ उघडला. त्याच वर्षी योकोहामात शिमोओका रेंजो यांनी आपला स्टुडिओ थाटला. छायाचित्राला जपानी भाषेत ‘शाशिन’ म्हणतात. ‘सत्याची नक्कल’ असा त्याचा शब्दशः अर्थ होतो, आणि हा शब्द जपानी चित्रकलेत आधीपासून वापरात होता. प्रतिमा रेखीव येणे याला मात्र जपानी लोक ‘पिंतो’ म्हणतात आणि हा शब्द डच भाषेतल्या केंद्रबिंदूवाचक शब्दाचा तुकडा आहे. नागासाकीच्या बंदरातून डच व्यापाऱ्यांबरोबर आलेले ज्ञान या कलेच्या नित्याच्या बोलीत कसे मुरले, हे या एका शब्दातून दिसते, आणि पुढे याच शब्दाने एका कॅमेऱ्याचे नशीब उजळले म्हणून तो येथे लक्षात ठेवावा.

१८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर देशाची दारे आणखी उघडली. १८७२ साली शिम्बाशी ते योकोहामा ही पहिली रेल्वे धावली, त्याच सुमारास उचिदा कुइची यांनी सम्राटाची छायाचित्रे काढली आणि तोक्योत स्टुडिओंची संख्या वाढू लागली. अशा वेळी, १८७३ मध्ये, तोक्योच्या कोजिमाची भागातील कोनिशीया या औषधविक्रीच्या पेढीत सुगीउरा रोकुसाबुरो या तरुणाने छायाचित्रणाचे आणि शिळाछपाईचे साहित्य विकायला सुरुवात केली. १८४७ साली जन्मलेला रोकुसाबुरो तेव्हा पंचविशीच्या आसपास होता. शिळाछपाई म्हणजे विशिष्ट जातीच्या सपाट दगडावर स्निग्ध शाईने आकृती काढून तिच्या प्रती उठवण्याचे तंत्र. नकाशे, लेबले, चित्रे यांसाठी त्याला नुकतीच मागणी आली होती. छायाचित्रण आणि शिळाछपाई ही दोन्ही तंत्रे परदेशी होती, दोन्हींना परदेशी रसायने लागत, आणि रसायने कोठून मागवायची, शुद्ध कोणती, भेसळीची कोणती, ती टिकवायची कशी, हे औषधांच्या व्यापाऱ्याला ठाऊक असे. नवा धंदा जुन्या धंद्याच्या फळीवर असा अलगद येऊन बसला.

तीन वर्षांनी, १८७६ मध्ये, रोकुसाबुरो घराण्याचा प्रमुख झाला आणि परंपरेप्रमाणे त्याने ‘रोकुएमोन’ हे घराण्याच्या प्रमुखाचे नाव धारण केले. जपानच्या व्यापारी घराण्यांत गादीवर येणारा पुरुष आपले मूळ नाव सोडून पूर्वजांचेच नाव घेतो, त्यामुळे एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या पाटीवर राहते आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने पेढीचा मालक कधी मरतच नाही. हा सहावा रोकुएमोन होय. त्याने कोजिमाचीचे जुने दुकान धाकट्या भावाच्या हवाली केले आणि स्वतः निहोनबाशी भागातील होनचो येथे ‘कोनिशी होनतेन’ हे नवे दुकान उघडले. ‘होनतेन’ म्हणजे मुख्य दुकान. निहोनबाशी हे जुन्या एदो शहराचे व्यापारी हृदय, आणि होनचो ही तर एदोकाळापासून औषधांच्या ठोक व्यापाऱ्यांची पेठ. आजही मोठ्या औषध कंपन्यांची कार्यालये त्या परिसरात आहेत. छायाचित्रणाचे दुकान चित्रकारांच्या किंवा घड्याळजींच्या वस्तीत न जाता औषधांच्या पेठेत गेले, यावरून हा धंदा तेव्हा कशाचा समजला जाई ते स्पष्ट होते.

या क्षेत्रात कोनिशीची पेढी एकटी नव्हती. तोक्योतच १८७१ साली सुरू झालेले असानुमा शोकाइ हे दुकान तिच्याहून दोन वर्षांनी जुने होते, आणि पुढची कित्येक दशके या दोन पेढ्यांत चुरस राहिली. या चुरशीचा सर्वांत चांगला परिणाम छापील स्वरूपात दिसतो: दोन्ही पेढ्यांनी छायाचित्रणाला वाहिलेली मासिके चालवली, आणि कोनिशी होनतेनतर्फे १८९४ पासून निघणारे ‘शाशिन गेप्पो’, म्हणजे ‘छायाचित्रण मासिक’, १९४० पर्यंत चालू होते. दुकानाने मासिक काढण्यामागे जाहिरातीचा हेतू होता हे उघड आहे, पण त्याने वाचकांच्या दृष्टीने मासिकाचे मोल कमी होत नाही. परगावच्या छायाचित्रकाराला नवी कृती, नवे द्रावण, नव्या भिंगाची माहिती मिळण्याचे दुसरे साधन नव्हते. दुकानातील माल त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी त्या मालाचे ज्ञान पोहोचणे आवश्यक होते.

माल विकणारा माल बनवू कधी लागला? १८८२ साली कोनिशी होनतेनने काचेवर छायाचित्र घेणारे कॅमेरे, शिळाछपाईची यंत्रे आणि छायाचित्रे चिकटवण्याचे पुठ्ठे स्वतः करवून घ्यायला सुरुवात केली. त्या काळचा कॅमेरा म्हणजे मुख्यतः सुतारकाम होते: पुढे भिंगाची फळी, मागे दुधी काच, दोन्हींच्या मध्ये लोहाराच्या भात्यासारखा घड्या पडणारा भाता आणि हे सारे प्रकाशाचा एक कवडसाही आत न शिरू देता सरकवणारी लाकडी चौकट. जपानमध्ये लाकडाच्या खाचा केसाइतक्या अचूक जुळवणारे कारागीर पिढीजात होते, चामडे आणि कागद हाताळणारेही होते. नव्हते ते भिंग. त्यामुळे भिंग परदेशाहून मागवायचे आणि बाकी कॅमेरा देशी कारागिराच्या हातून करून घ्यायचा, असा मार्ग पेढीने निवडला. ज्याला पुढे कारखानदारी म्हटले गेले तिची सुरुवात अशी घरोघरच्या कारागिरांकडून माल घेऊन त्यावर आपल्या पेढीचे नाव लावण्यापासून झाली, आणि या अवस्थेला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण कोणत्या गोष्टी आपल्याकडे उत्तम होतात आणि कोणत्या होतच नाहीत, याचा हिशेब याच काळात पेढीला अचूक कळला.

त्याच दशकात छायाचित्रणाच्या तंत्रातही मोठा पालट झाला. जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार घोटून काचेवर आधीच पसरलेली, वाळवलेली आणि महिनोन्‌महिने टिकणारी ‘कोरडी काच’ युरोपातून येऊ लागली. तिची संवेदनशीलता ओल्या काचेपेक्षा पुष्कळ जास्त होती. १८८३ साली एझाकी रेइजी यांनी तोक्योच्या सुमिदा नदीत झालेल्या पाणसुरुंगाच्या स्फोटाचे छायाचित्र कोरड्या काचेवर टिपले आणि ‘क्षणात टिपणारा एझाकी’ अशी त्यांची ख्याती झाली. दुकानदाराच्या दृष्टीने मात्र या शोधाचा अर्थ वेगळा होता. काच आधीपासून तयार मिळू लागल्यावर छायाचित्र काढायला रसायने कालवण्याची गरज उरली नाही, म्हणजेच व्यावसायिक छायाचित्रकाराखेरीज आणखी एक गिऱ्हाईक संभवू लागले: हौशी माणूस. हा माणूस रसायनांबद्दल अजाण, पैशाला जपणारा आणि घाईचा. त्याला स्टुडिओतला अवजड कॅमेरा नको होता.

या माणसासाठी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी कोनिशी होनतेनने ‘चेरी’ नावाचा हाती धरायचा कॅमेरा बाजारात आणला. इंग्लंडमध्ये तयार होणाऱ्या पेटीवजा कॅमेऱ्यांच्या धर्तीवर तो बेतलेला होता, आणि स्वतःचे असे नाव धारण करून सामान्य गिऱ्हाइकासाठी विकला गेलेला पहिला जपानी कॅमेरा म्हणून त्याची गणना होते. त्याची रचना साधी पण चतुर आहे. पेटीच्या आत काचा पातळ पत्र्याच्या म्यानांत एकीमागे एक उभ्या असतात आणि मागची स्प्रिंग त्यांना सतत पुढे ढकलत असते. पहिल्या काचेवर प्रतिमा घेतली की बाहेरची कळ फिरवायची, म्हणजे ती काच पुढे कलंडून पेटीच्या तळाशी आडवी पडते आणि तिच्या जागी दुसरी येते. काळ्या कापडाखाली डोके घालणे नाही, दर चित्राला काच बदलणे नाही. अशा कॅमेऱ्याची प्रतिमा फार सुरेख येत नसे, पण आपल्या घरच्या माणसांचे चित्र आपणच काढणे जपानी मध्यमवर्गाला शक्य झाले ते अशाच पेट्यांमुळे.

याहून मोठे पाऊल १९०२ मध्ये पडले. तोक्योच्या पश्चिमेस, तेव्हा शहराबाहेर असलेल्या योदोबाशी येथे पेढीने ‘रोकुओशा’ नावाचा स्वतःचा कारखाना उभारला. ‘रोकु’ म्हणजे सहा, आणि तो आकडा रोकुएमोन या नावातही आहे; ‘ओ’ हा चेरीच्या झाडाचा वाचक असून त्याच अक्षराचा दुसरा उच्चार ‘साकुरा’ असा होतो; ‘शा’ म्हणजे संस्था. घराण्याचे नाव आणि जपानचे लाडके फूल यांची ही जोडी पुढे पेढीच्या प्रत्येक मालावर उमटली. या कारखान्याचा मुख्य उद्देश संवेदनशील साहित्य, म्हणजे प्रकाश पडताच बदलणारा लेप चढवलेला कागद आणि काच, देशात तयार करणे हा होता. १९०३ साली येथून ‘साकुरा’ नावाचा छायाचित्रांचा कागद बाहेर पडला. हा कागद निगेटिव्हखाली ठेवून उन्हात धरला की प्रतिमा डोळ्यांदेखत उमटत जाई आणि नंतर ती फक्त पक्की करावी लागे.

कॅमेरा बनवण्यापेक्षा कागद बनवणे कितीतरी कठीण असते, आणि रोकुओशाचे खरे कर्तृत्व येथे आहे. कॅमेऱ्यातली चूक कारागिराला दिसते, हाताला लागते, घासून दुरुस्त करता येते. लेप चढवण्याचे काम मात्र अंधारात किंवा मंद रंगीत उजेडात चालते. हवेतील धूळ, पाण्यातील क्षार, खोलीची उष्णता, कागदाच्या लगद्यात राहिलेला लोखंडाचा कण, यांपैकी काहीही माल बिघडवू शकते, आणि बिघाड झाला आहे हे कळते ते माल गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर. म्हणूनच कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्या जगात शेकड्याने झाल्या, फिल्म आणि कागद बनवणाऱ्या मोजक्याच टिकल्या. दोन्ही बनवणाऱ्या तर त्याहून थोड्या, आणि कोनिशीची पेढी त्या थोड्यांपैकी होती. दुकानदाराला ही निवड सहज सुचण्याजोगी होती: कॅमेरा गिऱ्हाईक एकदा घेते, कागदासाठी ते पुन्हापुन्हा दुकानाची पायरी चढते.

त्यानंतरच्या दोन दशकांत रोकुओशाने कॅमेऱ्यांच्या अनेक जाती काढल्या, आणि १९०७ च्या ‘साकुरा रिफ्लेक्स प्रानो’ला पहिला जपानी रिफ्लेक्स कॅमेरा, म्हणजे भिंगातून येणारी प्रतिमा आतल्या आरशाने वळवून दाखवणारा कॅमेरा, असा मान दिला जातो. परंतु सर्वसामान्यांच्या हातात खऱ्या अर्थाने गेला तो १९२५ चा ‘पर्लेट’. कोटाच्या खिशात मावणाऱ्या कोडॅकच्या प्रसिद्ध कॅमेऱ्यावरून तो घेतलेला होता, घडी करून चपटा होत असे आणि काचेऐवजी रोल फिल्म वापरत असे. थोडेफार बदल करत तो जवळजवळ दोन दशके विकला गेला. नकलेपासून सुरुवात करून हळूहळू एकेक भाग स्वतः करायला शिकायचे, ही रीत येथे स्पष्ट दिसते. लाकूड देशी झाले होते, कागद देशी झाला होता, उरले होते भिंग. १९३१ मध्ये ‘हेक्सार’ हे कंपनीचे स्वतःचे भिंग तयार झाले आणि तीही उणीव भरून निघाली.

सहाव्या रोकुएमोनने हे सारे पाहिले नाही. १९२१ साली त्याचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी पेढीचे रूपांतर ‘कोनिशीरोकू होनतेन’ या भागीदारी संस्थेत झाले. पेढीचे नाव आणि माणसाच्या नावाचे पहिले अक्षर यांचा जोड आता कायदेशीर झाला. छायाचित्रण शिकवणारी एक स्वतंत्र शाळा असावी, अशी त्याची इच्छा होती. १९२३ मध्ये, त्याच्या वारसाच्या हातून, ती पूर्ण झाली आणि कोनिशी छायाचित्रण विद्यालय तोक्योत उघडले. त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला कांतो भूकंप झाला. भूकंपानंतरच्या आगींत निहोनबाशीचा बहुतेक भाग भस्मसात झाला. तरी विद्यालय टिकले. नावे बदलत बदलत ते आज तोक्यो पॉलिटेक्निक विद्यापीठ म्हणून चालू आहे आणि जपानच्या युद्धोत्तर छायाचित्रणातील अत्यंत प्रभावी कलावंत एइको होसोए हे १९५४ साली तेथूनच शिकून बाहेर पडले. एका दुकानाने काढलेल्या शाळेने होसोएंसारखा कलावंत घडवावा, याचा जितका गौरव व्हायला हवा तितका कॅमेऱ्यांच्या इतिहासांत झालेला नाही.

१९२९ मध्ये ‘साकुरा’ नावाची रोल फिल्म बाजारात आली आणि कोडॅक व आग्फा यांच्या मालाला देशी पर्याय मिळाला. पाच वर्षांनी, १९३४ मध्ये, फुजी फोटो फिल्म ही कंपनी स्थापन झाली आणि पुढची सत्तर वर्षे चालणारी स्पर्धा सुरू झाली. क्ष-किरण चित्रांची फिल्मही या दशकात पेढीने करायला घेतली. क्षयरोगाने ग्रासलेल्या जपानमध्ये तिची निकड मोठी होती. तोक्योच्या पश्चिमेस हिनो येथे संवेदनशील साहित्याचा नवा कारखाना उभा राहिला, आणि त्या वस्तीचे अधिकृत नावच आज ‘साकुरामाची’, म्हणजे चेरीनगर, असे आहे. युद्धाची छाया याही पेढीवर पडली. विमानातून टेहळणी करण्याचे कॅमेरे तिने बनवले, आणि मशीनगनच्या आकाराचा एक कॅमेराही बनवला, ज्याचा चाप ओढला की गोळीऐवजी फिल्मवर चित्र उमटे आणि शिकाऊ वैमानिकाचा नेम लागला की चुकला ते जमिनीवर आल्यावर तपासता येई. १९४३ साली कंपनीचे नाव ‘कोनिशीरोकू फोटो इंडस्ट्री’ झाले. ‘होनतेन’ हा शब्द पाटीवरून गेला, आणि दुकान म्हणून असलेली तिची ओळख निदान कागदोपत्री संपली.

युद्धानंतर, १९४८ मध्ये, पस्तीस मिलिमीटर फिल्मवर चालणारा ‘कोनिका’ हा कॅमेरा आला. जर्मन कंपनी लाइट्झ हिच्या नावात कॅमेऱ्याचे पहिले अक्षर जोडून जसा ‘लायका’ झाला, तसाच कोनिशीरोकूच्या नावाचा आरंभ घेऊन हा ‘कोनिका’ झाला. त्याच्या भिंगाचे नाव १९३१ मधलेच, हेक्सार. त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांवर ‘व्याप्त जपानमध्ये तयार केलेला’ अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली आढळतात, कारण देश अमेरिकी ताब्यात होता आणि निर्यातीच्या मालावर तसे लिहिणे बंधनकारक होते. अमेरिकी सैनिक हे तेव्हा जपानी कॅमेऱ्यांचे सर्वांत खात्रीचे गिऱ्हाईक होते. घरी परतताना सामानात त्यांनी नेलेल्या कॅमेऱ्यांनी जपानी मालाची पत समुद्रापार वाढवली, ही गोष्ट कोनिशीरोकूपुरती मर्यादित नाही, पण तिलाही तिचा वाटा मिळाला.

तंत्रज्ञानात कंपनी त्यानंतरच्या दोन दशकांत सर्वांत धाडसी झाली. १९६० च्या ‘कोनिका एफ’ या रिफ्लेक्स कॅमेऱ्याचे शटर धातूच्या पात्यांचे असून ती पाती वरून खाली धावत. चौकटीची उंची तिच्या रुंदीपेक्षा कमी असल्यामुळे पात्यांना अंतर कमी कापावे लागे आणि सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका अल्प काळ प्रकाश आत घेता येई. हा कॅमेरा महाग होता व फार थोडा विकला गेला, परंतु उभ्या धावणाऱ्या धातूच्या पात्यांची कल्पना नंतर सगळ्या उद्योगाने उचलली. १९६५ च्या ‘ऑटोरेक्स’मध्ये छायाचित्रकाराने शटरचा वेग ठरवायचा आणि भिंगाचे छिद्र किती उघडावे ते कॅमेऱ्याने स्वतः ठरवायचे, अशी सोय आली, १९६८ च्या पुढच्या जातीत तेच मोजमाप प्रत्यक्ष भिंगातून आत आलेल्या प्रकाशावरून होऊ लागले. ज्यांचे शटर भिंगात नसून फिल्मच्या लगत पुढे असते अशा, अदलाबदल करता येणाऱ्या भिंगांच्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत आपोआप छिद्र ठरवण्याची सोय कोनिशीरोकूने इतरांच्या आधी दिली. तरीही व्यावसायिक छायाचित्रकारांनी निकॉन आणि कॅनन यांनाच जवळ केले. याचे एक कारण असे दिसते की कोनिशीरोकूला आपल्या मनातले गिऱ्हाईक नीट ठाऊक होते आणि ते गिऱ्हाईक वार्ताहर नव्हते, ते सहलीला निघालेले कुटुंब होते.

या कुटुंबाची तिला असलेली जाण १९७० च्या दशकात जितकी फळाला आली तितकी आधी किंवा नंतर कधी आली नाही. फिल्म धुऊन छायाचित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळांत जाऊन कंपनीच्या माणसांनी लोकांची प्रत्यक्ष छायाचित्रे तपासली. गिऱ्हाइकाला काय हवे असे विचारले तर त्याने किरकोळ सुधारणा सांगितल्या असत्या. त्याच्या फसलेल्या छायाचित्रांनी मात्र खरे दुखणे सांगितले. कित्येक चित्रे अंधारलेली होती, कारण फ्लॅशचे वेगळे यंत्र लोक घरीच विसरत किंवा विकतच घेत नसत; कित्येक धूसर होती, कारण अंतर जुळवणे त्यांना जमत नसे. पहिल्या दुखण्यावरचा उपाय १९७५ च्या ‘सी ३५ ईएफ’ या कॅमेऱ्यात निघाला, ज्यात फ्लॅश कॅमेऱ्याच्या अंगातच बसवलेला होता आणि ज्याला जपानी लोक लखलखाटावरून ‘पिक्कारी’ म्हणू लागले. दुसऱ्या दुखण्यावर १९७७ मध्ये ‘सी ३५ एएफ’ आला. तो मोठ्या प्रमाणावर तयार झालेला जगातला पहिला आपोआप अंतर जुळवणारा कॅमेरा होय. त्याच्या दर्शनी भागावर दोन लहान खिडक्या होत्या. दोहोंतून दिसणारी एकाच वस्तूची प्रतिमा किंचित वेगळ्या कोनातून येते, आत फिरणारा आरसा त्या दोन प्रतिमा जुळवत जातो आणि त्या जुळल्या त्या क्षणी भिंग थांबते. माणसाच्या दोन डोळ्यांना अंतराचा अंदाज येतो त्याचेच हे यांत्रिक रूप. ही युक्ती अमेरिकेतील हनीवेल कंपनीची होती, ती गिऱ्हाइकाच्या हातात देण्याचे काम कोनिशीरोकूने केले. जाहिरातीत कॅमेऱ्याला ‘जास्पिन’ म्हटले गेले: इंग्रजीतील ‘जस्ट’ आणि नागासाकीच्या डचांकडून आलेल्या ‘पिंतो’चा पहिला तुकडा.

फिल्मच्या बाबतीतही याच दशकात तिने एक अस्सल दुकानदारी चाल खेळली. रंगीत फिल्मचे लहान रीळ तोवर वीस चित्रांचे असे. कोनिशीरोकूने ते चोवीस चित्रांचे केले आणि किंमत तीच ठेवली. दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय विनोदी नट हागिमोतो किनइची यांच्याकडून जाहिरातीत लोकांना फायद्याचे काय याचा विचार करायला सांगण्यात आले, आणि थोड्याच वर्षांत प्रतिस्पर्ध्यांनाही चोवीसवर यावे लागले. महाराष्ट्रातील ज्या घरांत १९८० आणि १९९० च्या दशकांतील अल्बम जपून ठेवले आहेत, त्यांना ‘छत्तीसचा रोल’ आणि ‘चोवीसचा रोल’ हे शब्द परिचयाचे असतील; त्यांतील चोवीसचा आकडा या स्पर्धेतून आलेला आहे.

१९८७ साली कंपनीने जुने लांबलचक नाव टाकून कॅमेऱ्याचेच नाव घेतले आणि ती ‘कोनिका’ झाली. फिल्मवरचे ‘साकुरा’ हे नावही त्याच सुमारास गेले. पुढच्याच वर्षी आलेल्या एका कॅमेऱ्याचे नाव सांगण्याजोगे आहे: ‘गेनबा कांतोकु’, म्हणजे ‘बांधकामावरचा मुकादम’. जपानमध्ये बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र नोंदीसाठी ठेवावे लागते, आणि धूळ, पाऊस, सिमेंट यांत नाजूक कॅमेरे टिकत नाहीत, हे पाहून हा दणकट कॅमेरा बनवण्यात आला. १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘हेक्सार’ या जुन्या भिंगाचे नाव धारण करणारा एक देखणा कॅमेराही आला आणि जाणकारांनी त्याचे स्वागत केले.

परंतु ज्या निवडीने ही पेढी शंभर वर्षे तगली तीच निवड अखेरीस तिच्यावर उलटली. तिच्या धंद्याचा पाया गिऱ्हाईक पुन्हापुन्हा विकत घेते त्या मालावर, म्हणजे फिल्मवर आणि कागदावर, होता. डिजिटल कॅमेऱ्याने तो पुन्हापुन्हा लागणारा मालच नाहीसा केला. केवळ कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्यांना नवे यंत्र शिकावे लागले, कोनिकाला यंत्राबरोबर आपले मुख्य उत्पन्नही गमवावे लागले. २००३ मध्ये तिचे मिनोल्टाशी विलीनीकरण झाले. १९२८ साली ताशिमा काझुओ यांनी स्थापन केलेल्या त्या कंपनीचे मूळ जपानी नावही ‘जपानी-जर्मन कॅमेरा दुकान’ अशाच अर्थाचे होते. या संयुक्त कंपनीने १९ जानेवारी २००६ रोजी कॅमेरे, फिल्म आणि छायाचित्रांचा कागद या सर्वांतून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले, आणि मिनोल्टाच्या बाजूने आलेले डिजिटल रिफ्लेक्स कॅमेऱ्यांचे तंत्र सोनी कंपनीकडे गेले. १९७१ पासून कोनिशीरोकू कार्यालयांसाठी झेरॉक्सच्या पद्धतीची प्रतयंत्रेही बनवत होती; आता तो जोडधंदाच कंपनीचा मुख्य धंदा ठरला. त्याच्या जोडीला रुग्णालयांसाठी क्ष-किरण प्रतिमा घेणारी उपकरणेही ती आजवर बनवत आली आहे, आणि औषधांच्या पेठेत जन्मलेल्या या पेढीचा वैद्यकाशी असलेला धागा अजून तुटलेला नाही.

योदोबाशीच्या कारखान्याच्या जागी आज शिंजुकुचे मध्यवर्ती उद्यान आहे. पलीकडे गगनचुंबी इमारती उभ्या आहेत, आणि उद्यानात एक स्मारकशिला आहे, जिच्यावर ही जपानी छायाचित्र-उद्योगाची जन्मभूमी असल्याचे कोरलेले आहे. योदोबाशी हे भागाचे अधिकृत नाव कधीच पुसले गेले असले तरी ते लोकांच्या तोंडी राहिले आहे, कारण शिंजुकु स्थानकाच्या पश्चिमेला उभ्या असलेल्या आणि जपानभर शाखा असलेल्या एका अवाढव्य दुकानाने ते धारण केले आहे. त्या दुकानाचे नाव ‘योदोबाशी कॅमेरा’. धुलाई यंत्रांपासून खेळण्यांपर्यंत सर्व काही तेथे मिळते, आणि कॅमेऱ्यांच्या विभागात आजही फिल्मची रिळे विकायला ठेवलेली असतात.